वेंग्रुवची अकरा नावं

गेदल्या वाक्सला पोलंडातल्या हमरस्त्यांवरचे सगळे पेट्रोल पंप तोंडपाठ होते. कुठल्या पंपावर चाळीस पोरं वीस मिनिटांत संडासला जाऊन परत येतात, कुठली बाई इस्रायली पोरांचा गलका ऐकला की दाराला आतून कडी घालते, कुठे कॉफीच्या नावाखाली नुसतं गढूळ पाणी देतात, हे तो झोपेतही सांगू शकला असता. वॉर्सा, लुब्लिन, क्रॅकाव आणि मधल्या नाझी छावण्या. एकवीस वर्षांत एकशे तेरा फेऱ्या. दर वेळी बसभर सतरा वर्षांची पोरं, अंगात निळ्या ताऱ्याचे पांढरे स्वेटशर्ट, खांद्यावर झेंडे, आणि पुढच्या सीटवर हातात माइक घेऊन गेदल्या.

लोकांना वाटायचं, हा माणूस रोज उठून मरणाच्या गोष्टी सांगतो, म्हणजे आतून पार पोखरला गेला असणार. तसलं काही नव्हतं. पोलंडात त्याला भूक चांगली लागायची आणि झोपही. त्रास सुरू व्हायचा तो घरी परतल्यावर. हैफातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की काय करावं ते त्याला सुचेनासं व्हायचं. फ्रिजमध्ये दोन अंडी आणि मोहरीच्या चटणीची बाटली. शेजारीण जिन्यात भेटली की विचारायची, "आलास का रे? की निघालास?" आणि तिला काय सांगायचं याचा त्यालाच विचार करावा लागायचा. बॅग तो पूर्ण कधी रिकामी करत नसे.

त्याची आई पेर्ला ही मूळची वेंग्रुवची. वॉर्साच्या पूर्वेला असलेलं लहानसं गाव. तिथून ती एकटी वाचली, कशी वाचली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. इस्रायलात, किर्यात अतात येऊन कापडाच्या गिरणीत लागली, शिमोन नावाच्या बसच्या मेकॅनिकशी लग्न केलं, एकच मुलगा झाला. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या आया गॅलरीत उभ्या राहून पोरांना नावानं हाका मारायच्या, पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायच्या. पेर्लानं कधी हाक मारली नाही. ती तीन जिने उतरून खाली यायची, खेळ चालू असेल तिथे जायची आणि गेदल्याच्या खांद्यावर हात ठेवायची. नाव मोठ्यानं घेतलं की काहीतरी होतं अशी तिची धास्ती असावी. गेदल्याला लहानपणी त्याची लाज वाटायची. पोरं चिडवायची, "वाक्स, तुझी आई मुकी आहे का रे?"

मरायच्या आधी एका दुपारी, दवाखान्यात, तिनं त्याला पेन काढायला सांगितलं. "एकदाच सांगते. परत विचारू नकोस," म्हणाली, आणि अकरा नावं सांगितली. आई-वडील, पाच भावंडं, एक काका, काकू आणि त्यांचे दोन मुलगे. नाव आणि वय, बाकी काही नाही. त्यानं औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे ती उतरवून घेतली. योना-लेब, वय एकेचाळीस. फ्रायदा, अडतीस. बेरिश, चौदा. इता, अकरा. मोत्ल, नऊ. खाया-सुरा, सहा. अशी खाली खाली, सगळ्यात शेवटी तीन वर्षांची गोल्दा. पेर्लानं मग भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर दोन वर्षांनी गेदल्या शाळेतल्या पोरांना घेऊन पहिल्यांदा पोलंडला गेला. तेव्हा तो इतिहासाचा मास्तर होता. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पोहोचल्यावर एक कार्यक्रम असतो. प्रत्येक मूल पुढे येऊन आपल्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव, गाव आणि वय सांगतं. त्या वेळी त्याच्या लक्षात आलं की वर्गातली निम्मी पोरं खाली मान घालून उभी आहेत. कुणाचे आजोबा मोरोक्कोचे, कुणाचे इराकचे, एकीची आई इथिओपियातून चालत आलेली. त्यांच्याकडे सांगायला नावच नव्हतं. एक दणकट पोरगा त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, माझ्या घरात कुणी मेलं नाही. मी काय करू?" असं म्हणाला की जणू गृहपाठ राहिलाय. गेदल्यानं खिशातली चिठ्ठी काढली आणि त्याला बेरिश दिला.

तिथून ती रीत पडली. ट्रेब्लिंकाच्या वाटेवर, बसमध्येच, गेदल्या विचारायचा, नाव कुणाकडे नाही? हात वर व्हायचे, आणि तो एकेक नाव वाटायचा. त्याचा नियम होता, दिलेलं नाव परत घ्यायचं नाही. आजपासून ते तुझं, तू जिवंत असेपर्यंत. पोरं विचारायची, "कशी होती ही इता?" पहिल्या वर्षी तो खरं सांगायचा, माहीत नाही. मग पोरांचे पडलेले चेहरे बघवेनात म्हणून थोडं थोडं सांगू लागला. मोत्लला कबुतरं आवडायची. इता गाणी म्हणायची. आता त्यातलं आईनं सांगितलेलं किती आणि आपण रचलेलं किती, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण पोरं नावं सांभाळायची. बीरशेबाच्या एका मुलीनं आपल्या लेकीचं नाव इता ठेवलं, फोटो पाठवला. एक कमांडर झालेला मुलगा दर वर्षी स्मृतिदिनाला बेरिशसाठी दिवा लावून त्याला कळवायचा. अकरा माणसं देशभर शेकडो घरांत जाऊन बसली होती.

एका घरात मात्र ती गेली नव्हती, ते म्हणजे त्याच्या मुलाचं, नदावचं. पेर्लानं घरात हा विषय काढला नाही, तो गेदल्यानंही काढला नाही. वेळ आली की सांगू, असं म्हणत राहिला, आणि वेळ आली तेव्हा तो नेमका पोलंडात असायचा. नदावच्या पदवीदानाच्या दिवशी तो लुब्लिनला होता. नात जन्मली तेव्हा क्रॅकावला. बायको, रीना, हसून म्हणायची, "आमचा हा मेलेल्यांचा मास्तर, जिवंत माणसांच्या तासाला दांडी मारतो." तिला आजार झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले अजून महिनाभर आहे. आठ दिवसांची फेरी होती, पोरांनी पैसे भरले होते, दुसरा वाटाड्या मिळत नव्हता. तो गेला. चौथ्या दिवशी, मायदानेकच्या छावणीतल्या पायरीवर, त्याला नदावचा फोन आला. ज्यूंमध्ये माणूस त्याच दिवशी मातीआड करतात, कुणासाठी थांबत नाहीत. त्या रात्रीचं विमान भरलेलं होतं. गेदल्या घरी पोहोचला तोवर रीनाला जाऊन दोन दिवस झाले होते. आईच्या कबरीशी कद्दीश म्हटली ती एकट्या नदावनं. मेलेल्याच्या मागे मुलानं म्हणायची ती प्रार्थना बापाच्या खांद्याला खांदा लावून म्हणायची होती, ती त्यानं एकट्यानं म्हटली आणि तेव्हापासून बापाशी बोलणं टाकलं.

वर्ष सरल्यावर नदावनं आडनावही बदललं. वाक्सचं बार-ओर केलं. हिब्रू आडनाव घेणारे हजारो आहेत, त्यात वावगं काही नाही. पण चौतिसाव्या वर्षी, बाप धडधाकट असताना, हे कशासाठी, ते गेदल्याला न सांगता समजलं. रीनाला जाऊन आता नऊ वर्षं होत आली होती.

दोन हजार एकोणीस साली सणांचा महिना सरला आणि सहलीच्या एजन्सीकडून नवी यादी आली. पर्देस हानाची शाळा, बेचाळीस मुलं, सोबत ओस्नात नावाच्या वर्गशिक्षिका. एकतिसाव्या ओळीवर गेदल्याचं बोट थांबलं. शाकेद बार-ओर, वडिलांचं नाव नदाव. त्याची नात. शेवटचं पाहिलं तेव्हा आठ वर्षांची होती, पुढचे दोन दात नव्हते. दुसऱ्या वाटाड्याशी अदलाबदल करायला एक फोन पुरला असता. गेदल्यानं तो केला नाही. उलट दोन दिवस तो फ्लॅटमध्ये शीळ घालत फिरला आणि नवा कोट घेऊन आला. सात दिवस एका बसमध्ये. सात दिवसांत पोरगी एकदा तरी आजोबा म्हणेल, याहून जास्त त्याला काही नको होतं.

विमानतळावर ती स्वतःहूनच त्याच्याकडे आली. उंच, नदावसारख्या जाड भुवया, नाकात चमकी.

"मी शाकेद," ती म्हणाली. "तुला माहीत असेल."

"माहीत आहे."

"इथे कुणाला सांगायचं नाही. मी सगळ्यांसारखी तुला गेदल्याच म्हणणार. बाबांनी पाठवलं हेच खूप झालं, मला तमाशा नकोय."

"बाबा कसा आहे?"

"बरा आहे," ती म्हणाली आणि बॅग ओढत मैत्रिणींकडे गेली. बॅगेचं एक चाक करकरत होतं. त्याला ते दुरुस्त करून द्यावंसं वाटलं.

पहिले चार दिवस त्यानं काय काय केलं ते सांगायला त्याला स्वतःलाच लाज वाटली असती. डब्यातली ट्यूना तिला आवडत नाही असं दिसल्यावर आपल्या वाट्याचा चॉकलेटचा पाव मागच्या सीटपर्यंत पोहोचवला, तो अझुलाय नावाच्या पोरानं मधेच गट्टम केला. "गेदल्या, तू देवमाणूस आहेस, अजून एक आहे का?" वॉर्साच्या कबरस्तानात थंडी होती म्हणून आपली टोपी पुढे केली, तर ती म्हणाली, "नको, गेदल्या, थँक्यू." ती 'गेदल्या' म्हणायची तेव्हा तिच्या तोंडून नाव कोरडं ठणठणीत यायचं. बाकीची पोरं त्याला दिवसभर 'गेद्या, गेदलूश' करत गळ्यात पडायची, त्याच्या पाठीवर थापा मारायची. संध्याकाळी हॉटेलात पिझ्झा, गाणी, हसणं-रडणं एकत्र चालायचं. तो जिन्याजवळच्या खुर्चीत बसून उद्याच्या वेळा लिहीत बसायचा. आपण बसभर पोरांचे आणि आपलं कुणीच नाही, असं त्याला त्या खुर्चीत वाटलं, आणि ते खरं होतं.

एक संधी मात्र आली होती. मायदानेकला, जोड्यांच्या बराकीत. तारेच्या जाळीमागे मारलेल्यांचे हजारो जोडे, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देत होत्या. शाकेद त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"गेदल्या, मला रडू येत नाहीये," ती हळूच म्हणाली. "एक थेंबसुद्धा नाही. माझ्यात काही खोट आहे का?"

"प्रत्येकाची रीत वेगळी असते," गेदल्या म्हणाला. "कुणाला इथे येतं, कुणाला घरी गेल्यावर. त्यात काही चुकीचं नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "हे तू सगळ्यांनाच सांगतोस ना?"

"हो."

"वाटलंच," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मलाही येत नाही, असं सांगायला काय झालं होतं? तुझी आजी गेली तेव्हा इथेच बाहेरच्या पायरीवर होतो, तेव्हाही आलं नाही, आणि तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. एवढं तोंडातून बाहेर पडलं असतं तर पोरगी थांबली असती. पण तोंडाला एकवीस वर्षांचं वळण पडलं होतं, ते आपलं पाठ केलेलं बोलून मोकळं झालं. त्या दिवशी तो जेवला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ट्रेब्लिंका. बाहेर धुकं, दोन्ही बाजूंना देवदार, पोरं निम्मी झोपलेली. झ्बिशेक ड्रायव्हरनं गेदल्याच्या खुणेसरशी रेडिओ बंद केला. गेदल्यानं माइक घेतला आणि कार्यक्रम समजावून सांगितला. नाव, कुणाचं मूल, गाव, वय. नाव झालं की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, 'आठवण धन्य असो.' पहिल्या दिवसापासून प्रत्येक कबरस्तानात हे म्हणून पोरांच्या तोंडी ते बसलं होतंच.

"आता सांगा, नाव कुणाकडे नाही?"

हात वर झाले. गेदल्यानं चिठ्ठी काढली. ती प्लास्टिकमध्ये घातलेली, घड्यांवर फाटलेली. "अझुलाय, तुला बेरिश. चौदा वर्षांचा. तुझ्यासारखाच खादाड असणार."

"मग आमचं जमेल," अझुलाय म्हणाला आणि हातावर पेननं नाव लिहून घेतलं.

मोरिया नावाची मुलगी रडवेली होऊन पुढे आली, तिला खाया-सुरा दिली. इता दिली, मोत्ल दिला, कबुतरांसकट. काका, काकू, त्यांची पोरं. गेदल्याला हे काम आवडायचं; पोरांचे चेहरे उजळताना बघून त्याला भरून यायचं. हात वर होत गेले आणि तो देत गेला. शेवटची गोल्दा शेवटच्या हाताला मिळाली आणि त्यानं चिठ्ठी मिटली. अकराच्या अकरा गेली होती.

तेव्हा शाकेद मागून, सीटांना धरत धरत पुढे आली.

"गेदल्या, मलाही एक हवंय."

गेदल्यानं चिठ्ठी पुन्हा उघडली. तिनं हात वर केला नव्हता. तिला नाव लागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. नावं ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी, आणि शाकेदकडे तर ती होतीच, रक्तानं होती, असं त्याचं मन कुठेतरी धरून चाललं होतं.

"तुझ्याकडे नाही?" त्यानं विचारलं.

"कुठून असणार? बाबांना विचारलं होतं निघताना. ते म्हणाले, पणजी कुठल्या तरी गावाची होती, बाकी काही ठाऊक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"अगं, ही..." गेदल्यानं चिठ्ठी तिच्यापुढे धरली. माइक बंद केला. "ही सगळी तुझीच आहेत. योना-लेब तुझ्या पणजीचा बाप. ही खाया-सुरा तिची बहीण. तुझी माणसं आहेत ही."

शाकेदनं चिठ्ठी वाचली. तिला वेळ लागला, अक्षर पुसट झालं होतं. मग तिनं वळून बसकडे पाहिलं. अझुलाय हातावरचं नाव शेजाऱ्याला दाखवत होता. मोरिया डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती.

"माझी?" ती म्हणाली. "आणि अझुलायला माहीत आहेत, मला नाहीत?"

"मी मोरियाकडून परत मागतो. ती समजून घेईल."

"नको. दिलेलं परत घ्यायचं नाही ना? आत्ताच माइकवर बोललास." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे गेदल्याला आणखीच वाईट वाटलं. "आणि तिला किती बरं वाटलंय बघ. तिला कशाला रडवायचं? मी बाबांना फोन करते. विचारते, काही आठवतंय का."

ती मागे जाऊन बसली. तासभर रस्ता होता. गेदल्यानं पुढच्या आरशातून पाहिलं, ती फोन कानाला लावून खिडकीकडे वळली होती, एका हातानं दुसरा कान झाकून. बोलणं बराच वेळ चाललं. नदाव काय बोलत असेल, याचा गेदल्याला अंदाज करवेना. त्या फोनमध्ये आपला मुलगा आहे, वीस हातांवर आहे, आणि आपण उठून तिथपर्यंत जाऊ शकत नाही. तो बसून राहिला.

ट्रेब्लिंकाला बघायला काही उरलेलं नाही. माळ, भोवती जंगल, आणि माळभर उभे केलेले ओबडधोबड दगड, हजारोंनी. काहींवर गावांची नावं कोरलेली. पोरांनी अर्धवर्तुळ केलं, झेंडा धरला, कुणीतरी मेणबत्त्या लावल्या त्या वाऱ्यानं विझल्या, पुन्हा लावल्या. ओस्नातनं यादी हातात घेतली आणि एकेकाला बोलवायला लागली.

अझुलाय आला. नेहमीचा वात्रटपणा कुठच्या कुठे पळाला होता. "बेरिश, योना-लेबचा मुलगा. वेंग्रुव. चौदा वर्षं." आवाज फुटला त्याचा. सगळे म्हणाले, "आठवण धन्य असो." मग मोरिया, मग आणखी एक, मग एकीनं आपल्या स्वतःच्या आजीची सख्खी बहीण सांगितली. दर नावामागे तेच तीन शब्द, बेचाळीस गळ्यांतून, हळूहळू एका सुरात. गेदल्या नेहमीसारखा बाजूला, दगडांच्या रांगेपाशी उभा राहून म्हणत होता.

"शाकेद," ओस्नात म्हणाली.

शाकेद मधे आली. हातात कागद नव्हता. तिनं गेदल्याकडे पाहिलं नाही.

"मी बाबांना विचारलं," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, आपल्या घरातून पोलंडला गेलेला आणि परत न आलेला एकच माणूस त्यांना माहीत आहे." ती थांबली. "गेदल्या, शिमोनचा मुलगा. किर्यात अता. सहासष्ट वर्षं. माझे आजोबा."

"आठवण धन्य असो," सगळे म्हणाले.

सवयच ती. शब्द तोंडातून गेल्यावर पोरांना अर्थ लागला. कुणी तोंडावर हात ठेवला, अझुलायनं घाईघाईनं डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू थू केलं, दृष्ट लागू नये म्हणून. ओस्नातचा चेहरा पांढराफटक पडला. आणि गेदल्याला कळलं की आपणही म्हटलं. बेचाळीस आणि एक. आपल्याच नावामागे, आपल्याच तोंडानं.

सहा दिवस ज्या एका शब्दासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता तो शब्द तिनं उच्चारला होता, सगळ्यांसमोर, आणि त्याला तो घेता येईना. राग यायला हवा होता, तो आला नाही. पोरीचं काही चुकलं असंही त्याला वाटेना. नाव, कुणाचं मूल, गाव, वय. सगळं बरोबर होतं.

"शाकेद!" ओस्नातला आता कुठे आवाज सापडला. "वेड लागलंय का तुला? जिवंत माणसाचं नाव घेतात का असं? माफी माग त्यांची. आणि आजोबा म्हणजे? गेदल्या, ही काय म्हणतेय?"

"खरं म्हणतेय," गेदल्या म्हणाला. "नात आहे माझी. राहू दे, ओस्नात. पुढचं नाव घे."

पुढची नावं घेतली गेली. शाकेद जागेवर परत गेली नाही, मधेच बाजूला उभी राहिली, हात बगलेत घालून. आता तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. यादी संपली. ओस्नातनं सवयीनं गेदल्याकडे पाहिलं. शेवटची कद्दीश तोच म्हणायचा, एकशे बारा वेळा त्यानंच म्हटली होती.

गेदल्या दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"मला नाही म्हणता यायची," तो म्हणाला. "माझं नाव यादीत आहे. स्वतःची स्वतः म्हणत नाहीत. ती मागे राहिलेल्यांनी म्हणायची असते."

वाऱ्यानं झेंडा फडफडत होता. मग शाकेदनं खिशातून कार्यक्रमाची पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं आणि नाक ओढलं.

"मला येत नाही नीट," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं. "घरी कुणी शिकवली नाही."

ती वाचायला लागली. "यित्गदल... व्-यित्कदश..." जुनी भाषा ती, रोजच्या हिब्रूसारखी जिभेवर बसत नाही. तिसऱ्या शब्दाला ती अडखळली, मागे गेली, पुन्हा अडखळली. मागून कुणीतरी हुंदका दिला. गेदल्या तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. जवळ, पण अंगाला अंग न लावता. तिनं त्याला जवळ ये म्हटलं नव्हतं, आणि दूर हो असंही नाही.

"श्मे रबा," त्यानं हळूच सांगितलं.

"श्मे रबा," ती म्हणाली.

"आमेन," पोरं म्हणाली.

"पुढे. बेआल्मा दी व्रा."

"बेआल्मा दी व्रा."

तिला पुस्तिकेतलं आता दिसतच नव्हतं, पाण्यानं अक्षरं फुटली होती. तिनं ती खाली केली. गेदल्या एकेक शब्द सांगत गेला, मास्तरासारखा, न थांबता, न घाबरवता, आणि ती एकेक शब्द त्याच्यामागून म्हणत गेली. मोठी प्रार्थना आहे ती. नदावला त्यानं ती कधी शिकवली नव्हती. त्या दिवशी कबरीशी पोरानं ती कुणाच्या तोंडून ऐकून म्हटली असेल, कोण शेजारी उभं असेल, हे नऊ वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आणि एक शब्द सांगायचा राहिला. शाकेद वाट बघत थांबली.

"सांग ना," ती म्हणाली. "पुढे काय?"

त्यानं पुढचा शब्द सांगितला.